चिमूटभर मशेरी

"ही पांढरी रेघ दिसते ना आजी, ते तुमचं हाड," डॉक्टर क्षिप्रा म्हणाली आणि तिने पेनाचं टोक कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकवलं. "आणि आता इथून इथपर्यंत बघा. इथे ते जवळजवळ उरलेलंच नाही."

पुतळाने मान पुढे करून पाहिलं. पडद्यावर तिचीच कवटी होती. मेल्यावर आपण कसे दिसणार हे जिवंतपणीच बघायला मिळावं, हे काही तिला बरं वाटलं नाही. पण ती घाबरलीही नाही. सारसोळ्याच्या खाडीकाठी जन्म काढलेल्या बाईला हाडांचं काय मोठंसं.

"मंग खाल्ला कुनी?" तिने विचारलं.

"कुणी खाल्लं नाही हो. दात पडले की खालच्या हाडाला काम उरत नाही. मग ते हळूहळू झिजून जातं. तुमचे वरचे पुढचे दात पडून किती वर्षं झाली?"

"कोरोनाच्या आधी पडलेत मॅडम," हरेशने परस्पर सांगितलं. तो पुतळाचा मुलगा. खुर्ची रिकामी असूनही तो उभाच होता.

"तेच म्हणतेय मी. दात बसवायचे तर हाडात स्क्रू बसवावे लागतात आणि स्क्रूला धरायला इथे जागाच नाही. आधी हाड भरावं लागेल. ते घट्ट झालं की मग स्क्रू, मग दात."

हे ऐकल्यावर हरेश पहिल्यांदा खुर्चीवर बसला. उरण, द्रोणागिरीकडे जिथे जिथे दलदल बुजवून इमारती उभ्या राहत होत्या, तिथे मुरूम टाकायचं काम त्याचे डंपर करायचे. इतका वेळ मॅडम जे बोलत होत्या ते त्याला आता कुठे त्याच्या भाषेत ऐकू आलं.

"म्हंजे भराव," तो म्हणाला.

"अगदी तसंच."

"मग घाई नाय करायची मॅडम. भराव टाकला की एक पावसाळा तरी बसू द्यायचा. आमच्यात जो घाई करतो ना, त्याची कंपाउंड वॉल दुसऱ्या वर्षी तडकते."

"इथेही सहा-आठ महिने लागतील," क्षिप्रा हसून म्हणाली. तिला दवाखाना उघडून फार दिवस झाले नव्हते. जुईनगर स्टेशनासमोर, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यावर तिच्या नावाची पाटी अजून नवीच दिसत होती. दात काढणं, साफ करणं, चांदी भरणं हे तिने पुष्कळ केलं होतं. हाड भरायचं हे काम मात्र स्वतःच्या दवाखान्यात ती पहिल्यांदाच करणार होती. हे तिने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

"पर भरनार कोनाचा हाड?" पुतळाने विचारलं. "मेल्या मानसाचा नाय ना?"

"नाही नाही. थोडं तुमच्याच हनुवटीतून खरवडून घ्यायचं आणि त्यात हे मिसळायचं." क्षिप्राने कपाटातून एक लहानशी कुपी काढली. "कारखान्यात बनवलेलं आहे."

पुतळाने कुपी उजेडासमोर धरली. आत पांढरे खरखरीत दाणे होते. लग्नाआधी ती आईबरोबर मिठागरावर जायची.

"मीठ हाय," ती म्हणाली आणि कुपी परत दिली. तिच्या बाजूने तो विषय संपला.

मग क्षिप्राने नेहमीचे प्रश्न विचारले. साखर आहे का, बीपी आहे का, कसल्या गोळ्या चालू आहेत का. शेवटी विचारलं, "आजी, तंबाखू खाता? गुटखा, विडी, सिगारेट काही?"

"छ्या!" पुतळा म्हणाली. "तसला काय नाय आमच्यात."

हरेशनेही मान हलवली. दोघेही खरंच बोलत होते.

*

दातांचं हे खूळ मुळात हरेशचं नव्हतं, पुतळाचं स्वतःचं होतं.

नेरूळच्या मासळी बाजारात ती तीसेक वर्षं बसली. कोलंबी, मांदेली, निवट्या, मिळेल ते विकलं. मासळी सगळ्यांचीच ताजी असते, निदान सगळ्याजणी तसं सांगतात. गिऱ्हाईक पुतळाकडे यायचं ते तिच्या तोंडासाठी. एखादी सेक्टरातली बाई घासाघीस करायला लागली की पुतळा अशी काही हसायची की पलीकडच्या कोंबडीवाल्याच्या दुकानातली माणसंही वळून बघायची. मग गिऱ्हाईक हसायचं आणि भाव तिथेच ठरायचा.

वरचे दात हलायला लागले आणि एकामागून एक पडले, तेव्हा हरेशने तिला कवळी करून आणली. कवळी बरी होती, पण ती गप्प बसणाऱ्या माणसासाठी केलेली होती. एका रविवारी ऐन गर्दीत पुतळा कशालातरी हसली. काय झालं ते तिला कळलंच नाही. दुपारी टोपली आवरताना तोंडात हात घालून बघते तर कवळी नाही. तिने पाट्या उलट्या केल्या, बर्फ उपसला. संध्याकाळी सेक्टर सहामधली एक बाई स्टीलचा डबा घेऊन आली. तिच्या किलोभर कोलंबीत पुतळाचे दात निघाले होते. बाईने ते धुऊन, पुसून, झाकण लावून आणले होते.

बाई भली होती, पण बाजार भला नव्हता. पुढे महिनाभर येईल तो विचारायचा, "मावशी, आज दात नाय ना टाकलेत पिशवीत?" पुतळाही दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी तिने पदर तोंडावर घेतला. आणि पदर तोंडावर घेऊन मासळी विकता येत नाही. तिने पाटी सुनेच्या, निशिगंधाच्या हवाली केली आणि घरी बसली.

"मना पक्के दात पायजेत," तिने एक दिवस हरेशला सांगितलं. "पडनार नाय असं." तिने आजवर मुलाकडे काही मागितलं नव्हतं. हरेशला नाही म्हणता आलं नाही.

*

घरी बसल्यावर पुतळाला एकच सोबत होती, जाईबाईची. जाईबाई समोरच्या घरात राहायची. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन सारसोळ्यात आल्या होत्या. एक खाडीपलीकडून आणि एक पनवेलच्या अंगाने. जाईबाईचा नवरा गेला, मुलगा किसन द्रोणागिरीला फ्लॅट घेऊन गेला, मागच्या खोल्यांत भाडेकरू आले. जाईबाई पुढच्या खोलीत आणि पुढच्या ओट्यावर उरली. तिच्या डोळ्यांत पडदा आला होता. ऑपरेशन करूनही तिला माणसाची सावली तेवढी कळायची.

सकाळी सून बाजारात गेली आणि नातवंडं शाळेत गेली की पुतळा तवा घेऊन जाईबाईच्या ओट्यावर जायची. दोन विटांमध्ये काटक्या घालून तवा तापवायचा, त्यावर मशेरी भाजायची. पानं काळीशार झाली, धूर नाकातोंडात गेला आणि दोघी खोकल्या की मशेरी झाली असं समजायचं. मग ती तळहातावर चुरायची. डोळ्यांनी दिसेनासं झाल्यापासून जाईबाईची चिमूट पुतळाच तिच्या हातावर ठेवायची. दोघी भिंतीला टेकून बसायच्या आणि तर्जनीने दात घासायला लागायच्या. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. दात असोत, नसोत. जाईबाईला खालचे दोनच होते आणि तीसुद्धा तितकाच वेळ घासायची.

तोंडात मशेरी असली की बोलता येत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोघींना ऐकलं नव्हतं. गावातला प्रत्येक साखरपुडा, प्रत्येक बाचाबाची, कुणाच्या सुनेला दिवस गेले आणि कुणाला बिल्डरने गंडवलं, हे सगळं त्या ओट्यावरून जायचं. मध्येच वाकून दोघी गटारात पिचकारी टाकायच्या आणि वाक्य तोडलं तिथूनच पुढे सुरू करायच्या.

हाड भरलं त्याच्या चौथ्या दिवशी पुतळा ओट्यावर आली. ओठ सुजलेला, हनुवटीखाली निळंजांभळं.

"दुखतंय गो?" जाईबाईने विचारलं.

"ठणकतंय."

"मंग लाव जरा जास्ती. बधिर व्हल. आनि हिरडी पन घट धरल."

हे पुतळालाही पटलं. मशेरीने हिरड्या घट्ट होतात हे तिच्या आईने सांगितलं होतं, आईला तिच्या आईने. एवढं मोलाचं काम तोंडात झालंय, तर त्याची निगा राखायला हवी. डॉक्टरीणबाईने जखमेला बोट लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं. पुतळाने तिथे बोट लावलं नाही. तिने फक्त जखमेच्या कडेकडेने मशेरी फिरवली, सकाळी आणि पुन्हा जेवणानंतर. ठणका खरंच कमी झाला.

*

महिन्याभराने एका दुपारी पेज पिताना जिभेवर रेतीसारखं काही लागलं. पुतळाने ते बोटावर घेतलं. पांढरे दाणे होते.

"आये, खडा लागला काय?" निशिगंधाने विचारलं.

"नाय," पुतळा म्हणाली. "मीठ बाहेर येतंय."

हरेश तिला तसाच गाडीत घालून जुईनगरला घेऊन गेला. क्षिप्राने आरसा लावून बघितलं. हिरडी फाटली होती, कड काळसर पडली होती आणि भरलेलं हाड पिवळ्या पाण्याबरोबर सुटत होतं. तिने ते सगळं काढून टाकलं, धुतलं, गोळ्या लिहून दिल्या. मग ती बेसिनपाशी गेली आणि हात धुवत राहिली. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"काय झाला मॅडम?" हरेशने विचारलं.

"भरलेलं हाड बसलं नाही. टाके नीट धरले नाहीत. मी..." ती थांबली. "मला पुन्हा सगळं तपासावं लागेल."

"तपासा ना! आता तपासा! माझ्या आईच्या तोंडात हात घालायच्या आधी नाय तपासता आला?" हरेशचा आवाज चढला. बाहेर बसलेली माणसं दारातून डोकावायला लागली. "येत नव्हता तर बोलायचा ना सरळ, मोठ्या हॉस्पिटलला घेऊन गेलो असतो. महिना झाला म्हातारी पेज पितेय. कोनाच्या भरोशावर? तुमच्या! पाटी लावली म्हंजे डॉक्टर झाला काय?"

"हरेश," पुतळा खुर्चीतून म्हणाली.

"तू गप बस आये. तुला नाय कलत यातला."

क्षिप्राने हात पुसले. ती पडद्यावर ऑपरेशनच्या दिवसाचा फोटो आणि आजचा फोटो शेजारीशेजारी लावून बघत होती. कुठे चुकलं ते शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अशी पोर पुतळाने बाजारात पुष्कळदा पाहिली होती. नवीन बसलेली, पहिल्याच दिवशी माल अंगावर पडलेली.

"आजी," शेवटी तिने विचारलं, "तुम्ही दात कशाने घासता? मी मऊ ब्रश दिला होता, तोच वापरता ना?"

"बरश नातू घेऊन गेला. मी बोटाना घासते."

"पेस्ट लावून?"

"पेस्ट प्वारांची. मी मशेरी लावते."

क्षिप्रा वळली. "मशेरी?"

"पयल्यापासून. उलट तुमी हाड भरल्यावर जास्तीच लावली. म्हटला, घट धरल."

क्षिप्राने पडद्यावरचे दोन्ही फोटो बंद केले.

"आजी, मी तुम्हाला तंबाखूचं विचारलं होतं ना?"

"इचारला व्हता. मी तंबाखू खात नाय."

"अहो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच."

"ती खायाची नसते," पुतळाने समजावून सांगितलं. "लावायची असते." चुलीतली राख म्हणजे लाकूडच आहे असं कुणी म्हटल्यावर बघावं, तशी ती क्षिप्राकडे बघत होती.

हरेशने कपाळाला हात लावला. तो हळूच खुर्चीवर बसला. "मी रोज सकाली बघतो," तो म्हणाला. "गाडी काढताना या दोघी समोर बसलेल्या असतात. मलापन नाय सुचला."

"मला तरी कुठे सुचलं," क्षिप्रा म्हणाली. "माझी आजी लावायची, वाईला. डबी कायम उशाशी. आणि आमच्या घरात तंबाखू कुणी खात नाही असंच आम्ही सगळे सांगायचो." तिने स्टूल ओढलं आणि पुतळासमोर बसली. "मी नाव घेऊन विचारायला हवं होतं. ते राहून गेलं."

मग तिने सगळं समजावलं. नव्या हाडाला रक्त लागतं. तंबाखू हिरडीतून आत शिरते आणि तिथल्या नसा आवळते. रक्तच पोचलं नाही तर हाड जगणार कसं? जखम भरल्यावर पुन्हा करता येईल. मात्र मशेरी आजपासून बंद, आणि दात बसल्यावरसुद्धा बंदच.

"थोडी पन नाय?"

"चिमूटभरसुद्धा नाही."

पुतळाने पदराने तोंड पुसलं. "सोडली," ती म्हणाली.

जिन्यावरून उतरताना हरेश अर्ध्यात थांबला, पुन्हा वर गेला आणि काचेच्या दारातून डोकं आत घालून म्हणाला, "मॅडम, मघाशी जरा जास्त झाला. टेन्शनमध्ये बोललो." आणि उत्तराची वाट न बघता खाली आला.

*

मशेरी सोडणं अवघड गेलं, पण ते अंगाचं दुखणं होतं. डोकं चढायचं, पोट साफ व्हायचं नाही, उगाच नातवंडांवर ओरडणं व्हायचं. अंगाच्या दुखण्याला मुदत असते. पंधरवड्यात ते उतरलं.

जाईबाईचं काय करायचं हे मात्र डॉक्टरीणबाईने सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी पुतळा तवा घेऊन गेली. जाईबाईची मशेरी भाजून दिली. धुराने पुतळाच्या तोंडाला पाणी सुटलं. चिमूट जाईबाईच्या हातावर ठेवून ती शेजारी बसली.

"लावलीस?" जाईबाईने विचारलं.

"नाय. मना बंद केलीय."

"कवापर्यंत?"

"कायमची."

जाईबाई बोट तोंडात घालून घासायला लागली. पुतळा नुसतीच बसली. तिने कुणाच्यातरी साखरपुड्याचं काढलं. जाईबाईने हूं केलं. आश्चर्य असं की बोलणं पुढे सरकेना. एकीचं तोंड भरलेलं, एकीचं रिकामं. एकीला मध्येच थुंकायला वाकायचंय, दुसरीला तिथेच थांबून राहायचंय. आजवर दोघी एकदम थांबायच्या आणि एकदम सुरू व्हायच्या, हे आता लक्षात येत होतं.

"हात रिकामा ठेवून बसनारी मानसा मना आवडत नाय," जाईबाई म्हणाली. "पोलीस बसल्यावानी वाटतंय."

पुढे पुतळाने बसून लसूण सोलून बघितला, तांदूळ निवडून बघितले. धुराच्या वेळी ती लांब, पायरीवर बसायची. मग तिने एक युक्ती केली. आठवड्याची मशेरी एकदमच भाजून डबीत भरून दिली, म्हणजे रोजचा धूर नको. झालं असं की त्यामुळे रोज जायचं कारणच उरलं नाही. आज नातवाला ताप, उद्या गॅसवाला येणार, असं करत दिवस चुकायला लागले. जाईबाई भाडेकरणीला विचारायची, समोर दार उघडं हाय का? भाडेकरीण सांगायची, उघडं आहे. ते पुतळाला घरात बसून ऐकू यायचं.

"दातवाली झाली ती," जाईबाई एकदा मोठ्याने म्हणाली. भाडेकरणीला सांगितल्यासारखं, पण रस्ता ओलांडून पोचेल एवढं. "आता आमच्यासारख्या बिनदातवाल्यांत कशाला बसंल?"

"ऐकू येतंय हां!" पुतळा घरातून ओरडली.

"मंग ऐक की! ऐकायला दात नाय लागत!"

दुसऱ्यांदा हाड भरायचा जो दिवस ठरला होता, त्याच्या आदल्या सकाळी जाईबाईने तिला बोलावणं धाडलं. पुतळा गेली. ओट्यावर एक बॅग भरून ठेवलेली होती.

"किसन बोलावतोय," जाईबाई म्हणाली. "कवापासून बोलावतोय. धाव्या माल्यावर हाय त्याचा. लिफ हाय. मी नाय म्हनायची. का म्हनायची म्हायत हाय ना तुला?"

"म्हायत हाय."

"यो ओटा हाय म्हनून. आता ओट्यावर हाय कोन? किसन दुपारी गाडी घेऊन येतोय."

पुतळा तिच्याजवळ बसली. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.

"पोरगा हाय तुजा. जा," पुतळा म्हणाली.

"तू रहा म्हन, नाय जात."

"मी हाय ना हितं. समोरच हाय."

"समोर हायस. हितं नाय." जाईबाईने कमरेची डबी काढली, उघडली आणि पुतळाच्या आवाजाच्या दिशेने पुढे केली. "एक चिमूट लाव. माज्यासमोर. मंग किसन्याला फोन करून सांगते, नको येऊस. मेला हाड उद्या भर, नायतर परवा भर. डाक्तरनीला कोन सांगतंय?"

पुतळाने डबीत बोटं घातली. ताजी नव्हती, तिनेच मागच्या आठवड्यात भाजलेली होती. तरी वास तसाच होता. तिने चिमूट उचलली. तिला ठाऊक होतं की जाईबाई खोटं बोलत नाहीये. चिमूट लावली तर बॅग आत जाईल. किसन चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, मग गप्प बसेल. आणि उद्यापासून पुन्हा दोन विटा, तवा, काटक्या.

पण पुतळाला दात हवे होते. तिने त्याला दुसरं काही कारण शोधलं नाही. मुलाचं मन मोडेल, डॉक्टरीणबाईचा हात पुन्हा खोटा पडेल, असं तिला म्हणता आलं असतं. ती तसं काही म्हणाली नाही. तिने जाईबाईचा हात सरळ केला आणि ती चिमूट नेहमीसारखी तिच्या तळव्यावर ठेवली.

जाईबाईने बोटाने चाचपून बघितलं. "बरा," ती म्हणाली.

दुपारी किसन आला. पुतळाने बॅग गाडीत ठेवायला हात लावला. जाईबाई पुढच्या सीटवर बसली आणि तिने काच खाली करायला सांगितली नाही.

*

यावेळी हाड धरलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, मग क्षिप्राने पुन्हा फोटो काढला आणि पडद्यावर पेन टेकवून दाखवलं. पांढरी रेघ जाड झाली होती. तिचा आनंद तिला लपवता येत नव्हता. स्क्रू बसले. त्यानंतरही थांबावं लागलं आणि मग एका सकाळी पुतळाच्या तोंडात चार दात आले. आरशात बघून ती म्हणाली, "लय पांढरे हायेत. कोनाला खरे नाय वाटायचे."

"आजी, यांनी सुपारी फोडायची नाही, खेकड्याच्या नांग्या फोडायच्या नाहीत. आणि मशेरी..."

"डाक्तरीनबाय, तिचा नाव नको काढू," पुतळा म्हणाली.

ती बाजारात परत बसली. सुनेने जागा दिली, थोडी कुरकुरून. पहिल्या रविवारी कोंबडीवाल्याने हाक मारली, "मावशी, दात पक्के ना आता?" पुतळा म्हणाली, "ये, वढून बघ!" आणि हसली. लोकांनी वळून बघितलं. जिच्या कोलंबीत कवळी निघाली होती ती सेक्टर सहाची बाई मुद्दाम येऊन बघून गेली आणि छान झालेत म्हणाली. सगळं पूर्वीसारखं झालं. सकाळी आठ ते दुपारी दीडपर्यंत पूर्वीसारखं झालं.

जाईबाईकडे जायचं पुतळाच्या मनात होतं. आधी हिरड्या दुखतात म्हणून राहिलं, मग बाजार सुरू झाला म्हणून राहिलं. शेवटी एका सोमवारी हरेश कामावर निघाला तेव्हा ती न विचारता गाडीत जाऊन बसली. "मना किसनच्या बिल्डिंगीत सोड," ती म्हणाली.

द्रोणागिरीचे रस्ते रुंद होते आणि त्यावर कंटेनरची रांग लागलेली होती. लिफ्टमध्ये बटण दाबायला वॉचमन आला. किसनच्या बायकोने दार उघडलं, पाणी दिलं आणि आत बोट दाखवलं.

जाईबाई खिडकीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. साडी स्वच्छ, केस विंचरलेले. खोलीला फिनाइलचा वास होता. खिडकीबाहेर नुसतं आभाळ होतं, पण ते तिला दिसत नव्हतं.

"कोन हाय?"

"मी."

जाईबाईने मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, "माशाचा वास आला म्हनून वाटलाच. बस."

पुतळा पलंगाच्या कडेवर बसली. गावातल्या दोन बातम्या सांगितल्या. जाईबाईने दोन्ही आधीच ऐकलेल्या होत्या. किसनला गावातून फोन यायचे, तो तिला सांगायचा.

"मशेरी?" पुतळाने हळूच विचारलं.

"सुटली. थुकू कुठं? ह्या खिडकीतून थुकली तर खालच्या मानसाच्या टकलावर पडते. बेसनीत थुकली तर सून बाटली घेऊन धावते." तिने मांडीवरचे हात उलटेसुलटे केले. "बसते अशीच. हात रिकामं ठेवून."

सुनेने चहा आणून ठेवला आणि ती कामाला निघून गेली. लिफ्टचं दार वाजलं. चहावर साय धरायला लागली.

"बसवलंस का गो दात?" जाईबाईने विचारलं.

"बसवलं."

"कसं हायेत?"

"चांगलं हायेत."

"हकडं ये. मना दिसत नाय."

पुतळा उठली आणि तिच्या खुर्चीसमोर खाली फरशीवर बसली. जाईबाईने हात पुढे केला. हात आधी तिच्या कपाळाला लागला, मग नाकाला, मग ओठांवर येऊन थांबला. पुतळाने तोंड उघडलं. जाईबाईची तर्जनी आत गेली, दातांवर टेकली. एका दातावरून दुसऱ्यावर गेली, नखाने ठोकून बघितलं.

"दगडावानी हायेत," जाईबाई म्हणाली. "हलत नाय."

पण बोट तिने काढलं नाही. ते दातांवरून एकदा डावीकडे गेलं, मग उजवीकडे आलं. पुन्हा डावीकडे गेलं. मग सवयीने घासायलाच लागलं. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, हिरडीच्या कडेकडेने, न थांबता. जाईबाईचं लक्ष खिडकीकडे लागलेलं होतं आणि आपलं बोट काय करतंय हे तिला कळत होतं की नाही, सांगता येत नाही.

पुतळाने फरशीवर हात टेकले आणि ती तोंड उघडं ठेवून बसून राहिली.